सोशल मीडियावरून मार्केटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःचा छोटा व्यवसाय, संस्था किंवा सेवा चालवणाऱ्या आणि दिवसभराच्या कामातून वेळ काढून पोस्ट टाकणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. ज्यांच्याकडे मार्केटिंगचा वेगळा विभाग आहे, त्यांना यातलं बरंच ठाऊक असेल. तरी खात्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनीही वाचावा.

सगळ्याच प्लॅटफॉर्मवर खातं उघडावं का?

नाव राखून ठेवण्यापुरतं उघडा, म्हणजे तुमच्या नावाने दुसरं कोणी बसणार नाही. काम मात्र एकाच ठिकाणी, फार तर दोन ठिकाणी करा. पाच ठिकाणी अर्धवट पडलेली खाती बघून लोकांना वाटतं, व्यवसाय बंद पडला असावा.

निवड करताना स्वतःच्या आवडीपेक्षा ग्राहकांना विचारलेलं बरं. अलीकडच्या ग्राहकांना सरळ विचारा: आमच्याबद्दल कुठे कळलं, आणि खात्री करायला कुठे बघितलं? बहुतेकदा या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येतात आणि दुसरं जास्त उपयोगाचं असतं. ढोबळमानाने सांगायचं तर डोळ्यांना भावणाऱ्या वस्तू इन्स्टाग्रामवर चालतात, कंपन्यांना सेवा देणाऱ्यांना लिंक्डइन बरं पडतं, आणि 'हे कसं करायचं' असं समजावून सांगण्यासारखं काही असेल तर यूट्यूब. यूट्यूबवर लोक शोधत येतात, त्यामुळे नीट शीर्षक दिलेला व्हिडिओ वर्षांनंतरही बघितला जातो. रीलचं आयुष्य सहसा काही दिवसांचं. व्यवहाराचं शेवटचं बोलणं मात्र बऱ्याचदा व्हॉट्सॲपवरच होतं, म्हणून ते वेगळं मोजू नका.

प्रोफाइल नीट आहे हे कसं ओळखायचं?

तुमचं काम माहीत नसलेल्या माणसाच्या हातात फोन द्या आणि प्रोफाइल उघडून दाखवा. तुम्ही काय करता, कोणासाठी करता आणि संपर्क कसा करायचा, हे त्याला लगेच सांगता आलं तर प्रोफाइल ठीक आहे. इन्स्टाग्रामच्या बायोत 150 अक्षरं बसतात. ती बोधवाक्यावर खर्च करू नका. नावाच्या रकान्यात व्यवसायाच्या नावासोबत कामही लिहा, कारण शोधताना तो रकाना विचारात घेतला जातो. आणि बायोतली लिंक स्वतः दाबून बघा. बंद पडलेल्या लिंका महिनोन्‌महिने तशाच असतात, मालकाला सोडून सगळ्यांना माहीत.

रोज पोस्ट टाकायलाच हवी का? कोणत्या वेळी?

नाही. वर्षातल्या सगळ्यात धावपळीच्या महिन्यातही जमेल तोच तुमचा वेग. तो आठवड्याला दोन पोस्टचा असेल तर दोनच. पहिल्या पंधरवड्यात रोज पोस्ट आणि मग तीन महिने शुकशुकाट, ही पद्धत सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात कमी उपयोगी पडते.

'पोस्ट टाकण्याची सर्वोत्तम वेळ' सांगणारे तक्ते दुसऱ्यांच्या खात्यांच्या सरासरीवरून बनतात. तुमचे फॉलोअर कधी ऑनलाइन असतात हे इन्स्टाग्रामच्या इन्साइट्समध्ये फुकट दिसतं. इन्स्टाग्रामने 2016 मध्येच वेळेच्या क्रमाने फीड दाखवणं सोडलं, त्यामुळे घड्याळाचं महत्त्व पूर्वीइतकं राहिलेलं नाही. मी एवढंच बघते, की पोस्ट पडल्यावर तासभर उत्तरं द्यायला कोणी मोकळं आहे का.

टाकायचं काय? विषय संपून जातात.

विषय डोक्यातून काढायला बसलं की संपतात. ग्राहकांच्या प्रश्नांतून घेतले तर पुरून उरतात. फोनवर, मेसेजमध्ये, समोरासमोर जो प्रश्न येईल तो त्यांच्याच शब्दांत एका वहीत किंवा शीटमध्ये लिहून ठेवायची सवय लावा. या सगळ्या पानातली एकच गोष्ट करायची असेल तर हीच करा.

समजा, कोणी सायकली दुरुस्त करतं. 'चेन सारखी का उतरते?' हा प्रश्न आठवड्यात तीनदा आला. त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ होतो, कारणं एकेका चित्रात दाखवणारा कॅरोसेल होतो, यूट्यूबवर सविस्तर दुरुस्ती दाखवता येते, आणि तेच उत्तर व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय म्हणून साठवता येतं. एका प्रश्नातून आठवडाभराचं काम निघालं, शिवाय ते कोणाला तरी हवंच होतं. शब्द ग्राहकांचेच ठेवा. दुरुस्ती करणारा 'डिरेलरचं ॲडजस्टमेंट' म्हणेल, पण शोधणारा माणूस 'चेन उतरते' असंच लिहितो.

याशिवाय काम होण्याआधीचं आणि नंतरचं चित्र, काम चालू असतानाचा तुकडा, काय घेऊ नये याचा प्रामाणिक सल्ला, हेही चालतं. शेवटचा प्रकार वापरायला लोक घाबरतात, पण विश्वास त्यानेच बसतो. दिनविशेषाच्या शुभेच्छांवर लोगो चिकटवून टाकलेल्या पोस्टचा उपयोग मला आजवर कळलेला नाही. त्या बनवायला सोप्या, म्हणून बनतात.

आणि किंमत लिहा. 'किमतीसाठी इनबॉक्स करा' वाचून बरेच जण पुढे सरकतात. नेमकी किंमत सांगता येत नसेल तर कुठून सुरू होते आणि कशामुळे वाढते, तेवढं तरी लिहा.

हॅशटॅग किती लावावेत?

मोजके, नेमके. इन्स्टाग्रामचा स्वतःचा 2021 मधला सल्ला तीन ते पाच असा होता. हॅशटॅगची रांग लावण्यापेक्षा कॅप्शनच्या पहिल्या ओळीत विषय साध्या शब्दांत सांगा. ॲपमधला शोध ते शब्दही वाचतो.

कोणती साधनं घ्यावीत? पैसे भरून घेण्याची गरज आहे का?

सुरुवातीला नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या पोस्ट शेड्यूल करायला, दोन्हीकडचे मेसेज एका इनबॉक्समध्ये बघायला मेटाचं (ही दोन्ही चालवणारी कंपनी) बिझनेस सूट फुकट मिळतं. यूट्यूब स्टुडिओ आणि लिंक्डइनमध्येही शेड्यूल करण्याची सोय आहे. बफर, हूटसूट यांसारखी साधनं तेव्हा घ्या, जेव्हा खाती जास्त होतील किंवा एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं अशी पद्धत असेल. खर्च करण्याआधी महिनाभर फुकटच्या साधनावर नियमित काम होतंय का बघा. होत नसेल तर अडचण साधनाची नाही.

चित्रांसाठी कॅनव्हा पुरेसं आहे. त्यात दोन फॉन्ट आणि दोन-तीन रंग ठरवून चार-पाच टेम्पलेट करून ठेवा, मग दर वेळी नव्याने डोकं खाजवायला नको. मराठी मजकुराचा फॉन्ट निवडताना जोडाक्षरं आणि रफार नीट दिसतात का ते मोबाइलवर तपासा. देखण्या फॉन्टमध्ये 'र्‍या' तुटलेला असेल तर सगळी मेहनत वाया. लोक काय शोधतात याचा अंदाज घ्यायला गूगल ट्रेंड्स आहे. पण या सगळ्यापेक्षा एक साधी शीट जास्त कामाची: तारीख, विषय, कुठे टाकलं, किती चौकश्या आल्या. एवढे रकाने पुरतात.

शेड्यूल केलेल्या पोस्टला रीच कमी मिळते, म्हणजे ती कमी लोकांना दिसते म्हणतात, खरं आहे का?

नाही. प्लॅटफॉर्म स्वतःच ही सोय देतात. खरा धोका वेगळा आहे. एखादी मोठी दुर्घटना घडलेल्या दिवशी तुमची 'धमाकेदार ऑफर' आपोआप बाहेर पडते. सगळ्या शेड्यूल केलेल्या पोस्ट एकदम कशा थांबवायच्या, हे किमान दोघांना माहीत असावं.

अल्गोरिदम आपली पोस्ट दाबतो का?

कोणाला कोणती पोस्ट दाखवायची हे ठरवणारा 'अल्गोरिदम' नावाचा कोणी एकच द्वारपाल नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी 2021 च्या जूनमध्ये समजावून सांगितलं होतं, की फीड, स्टोरी, एक्सप्लोर आणि रील यांची निवड वेगवेगळ्या पद्धतींनी होते. स्टोरीत जवळच्या लोकांना प्राधान्य मिळतं. रीलमध्ये अनोळखी माणसापर्यंतही पोस्ट जाऊ शकते. म्हणून ओळखीच्या ग्राहकांसाठी स्टोरी आणि नव्यांसाठी रील, अशी विभागणी करून बघा.

प्लॅटफॉर्मचा कल कुठे आहे हे त्यांच्या जुन्या निर्णयांवरून कळतं. यूट्यूबने 2012 मध्ये नुसत्या व्ह्यूजऐवजी बघण्याच्या वेळेला महत्त्व दिलं. 'लाइक करा, पाच मित्रांना टॅग करा' अशी भीक मागणाऱ्या पोस्ट फेसबुकने 2017 च्या डिसेंबरपासून खाली ढकलायला सुरुवात केली. पुढच्याच महिन्यात त्यांनी पेजच्या पोस्टपेक्षा मित्र आणि कुटुंबाच्या पोस्टना फीडमध्ये झुकतं माप दिलं. तेव्हापासून फेसबुक पेजवर नुसती पोस्ट टाकून ती सगळ्या फॉलोअरना दिसेल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. ज्या पोस्ट लोक शेवटपर्यंत बघतात आणि दुसऱ्याला पाठवतात त्या पुढे जातात. पाठवण्याजोगं म्हणजे बहुतेकदा उपयोगाचं: 'बघ, तू परवा हेच विचारत होतास ना!'

सुरुवातीला दिसायला बरं म्हणून थोडे फॉलोअर विकत घेतले तर?

घेऊ नका. ती खाती काही बघत नाहीत, काही विकत घेत नाहीत, आणि तुमच्या पोस्टला प्रतिसाद नाही असं चित्र तयार करतात. पुढे त्याच फॉलोअरसारखे लोक शोधून जाहिरात दाखवायची म्हटली तर जाहिरातही चुकीच्या माणसांकडे जाते. दहा हजार फॉलोअर आणि चार लाइक ही विसंगती तर कोणाच्याही लक्षात येते.

पोस्ट बूस्ट करावी की ॲड्स मॅनेजरमधून जाहिरात द्यावी?

टाकलेली पोस्ट पैसे भरून जास्त लोकांना दाखवणारं बूस्टचं बटण सोपं आहे, पण निवडीला वाव कमी. ॲड्स मॅनेजर या मेटाच्या जाहिरातीच्या साधनात उद्दिष्ट ठरवता येतं: भेटी, मेसेज, फॉर्म, की विक्री. हे उद्दिष्ट नुसतं नावापुरतं नसतं. एंगेजमेंट (लाइक, कॉमेंट असा प्रतिसाद) निवडलं तर यंत्रणा लाइक करण्याची सवय असलेली माणसं शोधते, आणि ती विकत घेणारीच असतील असं नाही. लाइक भरपूर आणि चौकशी शून्य अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या जाहिरातीचं उद्दिष्ट मी आधी उघडून बघते.

जाहिरातीसाठी नवं काही बनवण्यापेक्षा आधीच आपणहून चाललेली पोस्ट उचला. लोकांनी तिला पसंती दिलेली असते, अर्धी परीक्षा झालेली असते.

दुसरी गोष्ट संयमाची. मेटाची यंत्रणा प्रत्येक ॲड सेटसाठी (एकाच बजेटखालचा जाहिरातींचा गट) आठवड्याला साधारण 50 अपेक्षित कृती मिळेपर्यंत शिकत असते. छोटं बजेट पाच ॲड सेटमध्ये वाटलं तर कोणाचंच शिकणं पूर्ण होत नाही. रोज उठून जाहिरातीत बदल केले, तर ते शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं. कमी पैसे असतील तर एकच ॲड सेट, त्यात दोन-तीन जाहिराती, आणि आठवडाभर हात लावायचा नाही. जुन्या ग्राहकांना वगळायला विसरू नका. आणि जाहिरातीतून जे पान उघडतं ते मोबाइलवर, संथ नेटवर उघडून बघा. जाहिरात उत्तम आणि पान उघडायलाच तयार नाही, हे फार वेळा घडतं.

कोणते आकडे बघायचे?

आधी हे समजून घ्या, की 'व्ह्यू' हा शब्द प्रत्येक ठिकाणी एकाच गोष्टीसाठी वापरला जात नाही. फेसबुकने वर्षानुवर्षं तीन सेकंद बघितलं की व्ह्यू धरला. यूट्यूबवर वगळता येणारी व्हिडिओ जाहिरात 30 सेकंद, किंवा त्याहून छोटी असेल तर पूर्ण बघितली की मोजली जायची. यूट्यूब शॉर्ट्समध्ये 31 मार्च 2025 पासून व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा चालला, की व्ह्यू धरतात. म्हणून एका ठिकाणचे व्ह्यू दुसऱ्या ठिकाणच्या व्ह्यूजशी ताडून बघणं व्यर्थ. प्लॅटफॉर्मचेही हिशेब चुकतात: व्हिडिओ बघण्याची सरासरी वेळ आपण फुगवून दाखवत होतो, हे फेसबुकने 2016 मध्ये मान्य केलं. तीन सेकंदांपेक्षा कमी बघणाऱ्यांना त्यांनी सरासरीतूनच वगळलं होतं.

मग बघायचं काय? पोस्टनंतर काय घडलं ते. किती चौकश्या आल्या, त्यातल्या किती पुढे सरकल्या, किती जण परत आले. प्लॅटफॉर्मच्या आकड्यांपैकी सेव्ह, शेअर आणि लिंकवरचे क्लिक मी लाइकच्या वर ठेवते.

वेबसाइट असेल तर यूटीएम लावलेल्या लिंक वापरा. लिंकच्या शेवटी ती कुठे टाकली, कोणत्या प्रकारची आहे आणि कोणत्या मोहिमेची आहे एवढं जोडलं, की गूगल ॲनालिटिक्समध्ये भेट कुठून आली ते दिसतं. गूगलच्या फुकट पानावर ती लिंक बनवता येते. नावं एकाच पद्धतीने लिहा. एकदा 'instagram' आणि एकदा 'Instagram' लिहिलं, तर ते दोन वेगळे स्रोत म्हणून मोजलं जातं. कोणी व्हॉट्सॲपवर साधी लिंक पुढे पाठवली तर ती भेट बहुतेकदा 'डायरेक्ट'मध्ये जाते, स्रोत कळत नाही. शिवाय ॲपलने 2021 च्या एप्रिलमध्ये आयफोनवर ॲपना माग काढण्यासाठी परवानगी विचारणं बंधनकारक केल्यापासून जाहिरातींचा हिशेब आणखी धूसर झाला. त्यामुळे 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' हा तोंडी प्रश्न अजून बाद झालेला नाही. उत्तर शीटमध्ये टाका आणि महिन्यातून एकदा बघा. रोज बघून फक्त रक्तदाब वाढतो.

वाईट कॉमेंट आली तर काढून टाकावी का?

तक्रार असेल तर नाही. आधी तिथेच, सगळ्यांना दिसेल असं एक शांत उत्तर द्या आणि तपशील खासगी मेसेजमध्ये घ्या. प्रश्न सुटला की मूळ कॉमेंटखाली एका ओळीत तसं लिहा. तक्रार करणाऱ्यापेक्षा नुसतं वाचून पुढे जाणारे जास्त असतात, तुमचं उत्तर त्यांच्यासाठीही असतं. शिवीगाळ, स्पॅम, कोणाचा फोन नंबर किंवा पत्ता असेल तर बिनदिक्कत काढा. फेसबुकवर कॉमेंट 'हाइड' केली तरी लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना ती दिसत राहते, हे ध्यानात ठेवा. रागात लिहिलेलं उत्तर पाठवण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या.

व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवले की लोक ब्लॉक करतात. काय करावं?

न विचारता पाठवलेला मेसेज ही घुसखोरीच वाटते. आधी संमती घ्या, कशाबद्दल आणि साधारण किती वेळा पाठवणार ते सांगा. लोकांना न विचारता ग्रुपमध्ये घालू नका. तिथे एकाचा नंबर दुसऱ्या अनोळखी माणसाला दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला स्वतंत्र पाठवणाऱ्या यादीत, ते होत नाही. तिची मर्यादा 256 जणांची आहे आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. ही मर्यादा मला तरी सोयीची वाटते, कारण यादी आपोआप गाळली जाते. खूप जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं तर नंबरच बंद होऊ शकतो. लेबलं वापरून नवी चौकशी, पैसे येणं बाकी, काम पूर्ण अशी विभागणी केली, तर सगळ्यांना सगळं पाठवायची वेळ येत नाही.

चालू असलेलं गाणं रीलला लावलं तर चालतं का?

व्यवसायाच्या खात्याला बरीच गाणी दिसतच नाहीत. ती वैयक्तिक वापरासाठी दिलेली असतात. त्यावर पळवाट म्हणून वैयक्तिक खात्यावरून जाहिरात करणं धोक्याचं. मेटाचं साउंड कलेक्शन आणि यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी यांत वापरायला मोकळं संगीत मिळतं. ग्राहकाने काढलेला फोटो वापरायचा तर त्याची लेखी परवानगी घ्या, मेसेजमधलं 'हो, वापरा' हेही चालतं.

इन्फ्लुएन्सरला पैसे देणं परवडतं का?

फॉलोअरच्या संख्येवरून ठरवू नका, कॉमेंट वाचा. तिथे प्रश्नोत्तरं चालली असतील तर विचार करा, नुसते बदाम आणि आगीची चिन्हं असतील तर सोडा. पैसे किंवा वस्तू दिल्या असतील तर ते पोस्टमध्ये स्पष्ट दिसलंच पाहिजे. अनेक देशांत तसा नियम आहे, आणि इन्स्टाग्रामवर त्यासाठी सशुल्क भागीदारीचं लेबलही आहे.

कॅप्शन एआयकडून लिहून घेतलं तर?

कच्चा मसुदा, मोठ्या मजकुराचा सारांश, शीर्षकाचे पर्याय यासाठी घ्या. तसंच्या तसं टाकलं तर ते दुसऱ्या कोणाच्याही पेजवर खपेल इतकं गुळगुळीत होतं. किमती, मापं, मुदती मात्र स्वतः तपासा. मराठीत तर मोठ्याने वाचून बघाच.

खातं हॅक होऊ नये म्हणून काय करावं?

टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन (पासवर्डसोबत आणखी एक कोड मागणारी सोय) आजच सुरू करा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. पासवर्ड कोणालाही देऊ नका. पेजवर काम करणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या खात्यातून, गरजेपुरता अधिकार द्या. पूर्ण अधिकार असलेले किमान दोन विश्वासू लोक असावेत, म्हणजे एकाचं खातं अडकलं तरी पेज हातचं जात नाही. काम सोडून गेलेल्याचा अधिकार त्याच दिवशी काढा. एजन्सी नेमली असेल तर पेज, जाहिरात खातं आणि डोमेन तुमच्या नावावर आहे ना, हे करारात आणि सेटिंगमध्ये दोन्हीकडे बघा. संबंध बिघडल्यावर हे बघायला जाणाऱ्यांचे हाल होतात.

'तुमच्या पेजने कॉपीराइटचा भंग केला आहे, 24 तासांत पेज बंद होईल, इथे क्लिक करा' असा मेसेज येतो तेव्हा घाबरून क्लिक करू नका. लोगो आणि भाषा हुबेहूब असते. खरी सूचना असेल तर ती ॲपमधल्या खात्याच्या स्थितीच्या पानावर दिसते.

प्लॅटफॉर्मच बंद झाला तर?

झालेले आहेत. व्हाइन 2017 च्या जानेवारीत गुंडाळलं गेलं, सामान्य वापरकर्त्यांसाठीचं गूगल प्लस 2019 च्या एप्रिलमध्ये. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास एकदम बंद होती. त्या सहा तासांत ज्यांच्याकडे ग्राहकांचे ईमेल किंवा फोन नंबर होते, त्यांना निदान कळवता तरी आलं.

फॉलोअर तुमच्याकडे जमा होत नाहीत, ते प्लॅटफॉर्मकडे असतात. म्हणून एक छोटी का होईना, स्वतःच्या डोमेनवरची वेबसाइट ठेवा आणि संमतीने ईमेलची यादी जमवत राहा. दर पोस्टला तिकडे ढकलायची गरज नाही, पण काहीतरी उपयोगाचं देऊन, एखादी तपासणी यादी किंवा वेळापत्रक, ईमेल मागता येतो. फेसबुक आणि इन्स्टाग्राम तुमच्या माहितीची प्रत उतरवून घेऊ देतात. सेटिंगमध्ये तो पर्याय शोधा, दर तीन महिन्यांनी फाइल उतरवा आणि फोनऐवजी दुसरीकडे कुठेतरी ठेवा.